पाठमोरा

विनी : एडा मावशी, दुधाला कढ आलाय.

विनी : मावशी, दूध वर येतंय.

विनी : एडा मावशी, दारात नोरा उभी आहे. तुमची नोरा. घरी परत आलीय.

एडा : अगं बाई, गेलं की उतू. सगळी चूल बरबटली. विनी, तू इथं मागेच बसलीयस ना गं? एवढं फसफसत होतं, सांगायचं तरी.

विनी : सांगितलं.

एडा : कधी?

विनी : दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नोरा आली म्हणून सांगितलं.

एडा : नोरा? कुठंय?

विनी : आली नाही. खोटं बोलले मी. तुम्हाला पाठीमागचं ऐकू येतं का, ते बघत होते.

एडा : हे कसलं वागणं झालं? रविवारच्या दिवशी दार वाजवायचं, चहा टाका म्हणायचं, आणि माणसाची पाठ वळली की त्याची परीक्षा घ्यायची. तीही लेकीचं नाव घेऊन.

विनी : दार मी वाजवलं नाही, मावशी. दारावरून हात फिरवला फक्त. तुम्ही खिडकीतून मला येताना पाहिलंत.

एडा : ते फडकं दे इकडे. नको, तूच पीळ मोरीवर. आरशाला धक्का लावू नकोस.

विनी : वाकडा झालाय हा. सरळ करू?

एडा : तो तसाच असतो. राहू दे. आणि आता माझ्यासमोर बस, इथं, उजेडात. काय ते सरळ सांग. बुधवारी तुझा भाऊ जाणार आणि तू माझ्या घरी दुधाचे खेळ खेळतेस. डोकं ठिकाणावर आहे ना?

विनी : त्याच्यासाठीच आलेय. तुम्हाला ऐकू येत नाही, हो ना?

एडा : मला ऐकू येत नाही म्हणजे काय? आता बोलतेय ना तुझ्याशी.

विनी : माझे ओठ बघून बोलताय.

एडा : मग? बाराव्या वर्षापासून गिरणीत मागावर उभी आहे मी. त्या खात्यात कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी कळत नाही. सगळे ओठ बघूनच बोलतो. तुझी आई या टोकाला असायची, मी त्या टोकाला. काल कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाची सून रुसली, सगळं धोट्याच्या खडखडाटात. तू गिरणीत पाय ठेवला नाहीस म्हणून तुला नवल वाटतं.

विनी : आईनेच शपथ घातली होती, गिरणीत जायचं नाही म्हणून. मी लहानपणापासून टेलिफोन एक्स्चेंजवर आहे. दिवसभर आवाज जोडते. त्यामुळे मला हे इतकी वर्षं समजलंच नाही, मावशी. वॉल्टर घरी नेहमी माझ्याकडे तोंड करून बसायचा. जेवताना, विस्तवापाशी, कुठेही. मला वाटायचं, बहिणीवर माया आहे.

एडा : माया होतीच.

विनी : होती. पण तो माझे ओठ वाचत होता.

एडा : मग त्यात काय? आमच्या बोळात धड कान असलेला माणूस दाखव. पोस्टमन सोडून.

विनी : काल तुरुंगात गेले होते. भेटीची वेळ संपली तेव्हा त्याच्या मागे उभा असलेला शिपाई म्हणाला, ऊठ. वॉल्टर हलला नाही. पुन्हा म्हणाला, ऊठ. हा माझ्याकडे बघून हसतोय. मग त्याने दंड धरून उभा केला, आणि दुसऱ्या शिपायाला म्हणाला, शेवटपर्यंत मग्रूर राहणार हा. आगगाडीत तेच डोक्यात घोळत राहिलं. कोर्टातही जजसाहेब त्याला तेच म्हणाले होते.

एडा : जजसाहेब बोलायचे तेव्हा मान खाली कागदात. मलाही नाही कळायचं ते काय म्हणतात ते.

विनी : हे तुम्ही कुणाला सांगितलं?

एडा : कुणी विचारलं? आणि काय सांगायचं? मी खाली मान घालून बोलणाऱ्याचं ऐकू शकत नाही, असं सांगायचं? तिथं सगळी शहरातली झुळझुळीत माणसं. आधीच माझ्या बोलण्याला हसत होती.

विनी : एक प्रश्न त्यांनी विचारला होता. त्या सरकारी वकिलाने, तोंड वर करून. तुम्ही मागच्या माडीच्या खिडकीत होतात. बोळात गिरणीचे हॅलिवेल साहेब पडलेले दिसले. वॉल्टर त्यांच्यापाशी उभा होता आणि ‘मेला हा’ म्हणाला. मग वकिलाने विचारलं, दुसऱ्या कोणाचा आवाज आला का?

एडा : मी म्हटलं, नाही. नव्हताच आला.

विनी : मावशी, तुमच्या खिडकीखाली बँड वाजला असता तरी तुम्हाला आला नसता.

एडा : शपथेवर खरं तेच सांगितलं मी. वॉल्टरशी माझं वैर नव्हतं. दिव्याच्या उजेडात त्याचं तोंड स्वच्छ दिसत होतं, म्हणून ते ऐकलं. दुसरं तोंड दिसलं नाही.

विनी : तो दिवा कुठं आहे?

एडा : आमच्याच परसाच्या भिंतीवर. खिडकीच्या खाली.

विनी : म्हणजे भिंतीला लागून कोणी उभं असेल तर वरून दिसेल का?

एडा : भिंतीचा कठडा आडवा येतो.

विनी : आणि त्या माणसाची पाठ तुमच्याकडे असणार. दिवाही त्याच्या पाठीशी. वॉल्टरच्या डोळ्यांवर उजेड आणि समोर नुसती काळी सावली. तो हेच सांगत होता. समोर एक माणूस होता, चेहरा दिसला नाही, काहीतरी बोलला पण काय ते समजलं नाही. सगळं कोर्ट हसलं. हातभर अंतरावर उभा आणि बोललेलं समजलं नाही?

एडा : मी हसले नव्हते.

विनी : तुम्ही हसला नाहीत. पण दुसरा आवाज नव्हता हे तुमचं एक वाक्य झालं आणि ज्युरी पंधरा मिनिटांत बाहेर आली. कामावरून काढलं म्हणून वॉल्टरने दुपारी सगळ्यांदेखत हॅलिवेलला बघून घेईन म्हटलं होतं. संध्याकाळी त्याच्या प्रेताशी हा एकटाच उभा. झालं.

एडा : चहा घे. निवतोय.

विनी : माझ्याबरोबर चला. वॉल्टरचे ब्रेरली वकील घरीच आहेत आज. मी सांगून आलेय. तुम्ही एवढंच सांगायचं, की मला ऐकू येत नाही. ते आज रात्रीच लंडनला गृहखात्यात फोन लावणार आहेत. लाइन मी जोडून देणार आहे.

एडा : शपथेवर सांगितलेलं फिरवलं म्हणून मला आत टाकतील.

विनी : टाकतीलही. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

एडा : आत्ताच तर बोललीस. नोरा आली म्हणून.

विनी : तेवढं सोडून.

एडा : गावात काय म्हणतील? एडा हिंडल बहिरी आहे. एडा हिंडलने माणूस लटकवायला घेतला होता.

विनी : मावशी, तो अजून लटकलेला नाही.

एडा : थांब जरा. अमोस येऊ दे. नवऱ्याला विचारल्याशिवाय मी कधी काही केलं नाही. हा बघ, आलाच. बूट तिथंच काढ हो, दारातच. फरशी आत्ता पुसलीय.

अमोस : काढतोय, काढतोय. माग सांभाळणाऱ्या जॉबरला अक्कल नसते असं अख्खी गिरणी म्हणते, पण बूट काढण्याएवढी आहे मला. कोण, विनी? बस पोरी, उठू नकोस. एडा, निळी कबुतरी अजून परत आली नाही. ती आली म्हणजे सगळ्यांना एकदमच दाणे टाकीन. भूक लागली की येते बरोबर.

एडा : ही मला वकिलाकडे चल म्हणतेय.

अमोस : कशाला?

एडा : मला ऐकू येत नाही म्हणून सांगायला.

अमोस : हा काय विनोद आहे?

विनी : त्यांना दुसरा आवाज आला नाही, कारण त्यांना कुठलाच आवाज येत नाही. एवढं लंडनला कळलं तर फाशी थांबेल, अमोस काका. निदान पुढे ढकलली जाईल.

अमोस : विनी, तुझ्या जिवाची तगमग कळते मला. पण अपील झालं, अर्ज झाला. आता या बाईला पुन्हा त्या पिंजऱ्यात उभी करायची? त्या वेळी आठवडाभर जेवली नव्हती ती. त्यातून काही निघायचं नाही, ती मात्र चिरडून जाईल.

एडा : अमोस, माझ्याकडे बघून बोल. मी काय करू?

अमोस : तू घरात बस, म्हणतो मी. झालं ते वाईट झालं. आपल्या हातात नाही.

एडा : आणि वॉल्टर?

अमोस : वॉल्टरला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो. माझ्याच मागांवर होता. मुलगा सोन्यासारखा, पण नशीब फुटकं. हा बूटही चिकटून बसलाय पायाला. समोरचा घरी जा म्हणतोय, तर माणसाने घरी जावं की नाही? हा तिथंच गुडघे टेकून बसला.

विनी : कोण म्हणत होतं?

अमोस : तोच. जो कोणी होता तो.

विनी : काय म्हणाला तो?

अमोस : घरी जा म्हणून. वॉल्टरनेच सांगितलं ना कोर्टात.

विनी : नाही, काका. वॉल्टरने सांगितलं की तो काय बोलला ते समजलं नाही. हसले लोक ते त्यावरच. ‘घरी जा’ हे शब्द कोर्टात कोणाच्याच तोंडून आले नाहीत. मी रोज तिथं होते.

एडा : काय चाललंय दोघांचं? अमोस, बुटांशी काय बोलतोयस? वर बघ. विनी, तुझं तोंड असं का झालं?

अमोस : काही नाही गं. दाण्याची धूळ लागलीय, हात धुतो.

(अमोस मोरीपाशी जाऊन नळ सोडतो. दोघींकडे त्याची पाठ आहे.)

अमोस : विनी, उठू नकोस आणि तोंड हलवू नकोस. तुझं तोंड हललं की तिला कळेल. नुसतं ऐक. ऐकायचंच काम करतेस ना तू.

एडा : विनी, तो काही म्हणतोय का?

अमोस : मान हलवून नाही म्हण तिला. हं. आमच्या नोराला शरदात मावशीकडे फ्लीटवुडला पाठवली. गावाला सांगितलं, छातीत कफ आहे, समुद्राची हवा लागेल. सोळा वर्षांची आहे ती. हॅलिवेल तिला गिरणी सुटल्यावर हिशेबाच्या खोलीत थांबवून घ्यायचा. मला फार उशिरा कळलं. साहेबाकडे गेलो, तर म्हणाला, तुझी पोरगीच तशी आहे, आणि तुला कामावर राहायचं असेल तर घरी जा.

एडा : ही चहात किती साखर घालतेस, विनी? वाटीभर घातलीस की.

अमोस : तो रोज आमच्या बोळातून जायचा, जवळची वाट म्हणून. मी भिंतीशी थांबलो. धुकं होतं. वीट भिंतीचीच होती, सुटलेली, सहा महिने बसवीन बसवीन म्हणत होतो. पहिला फटका मारला तो रागाने. तो खाली पडून कण्हायला लागला. दुसऱ्या वेळी राग नव्हता, विनी. मला वाटलं, हा उठला तर माझं नाव सांगेल. एवढंच वाटलं. ते मी अजून कुणाला सांगितलं नाही. चर्चमध्येही नाही.

अमोस : मग वॉल्टर आला. मी म्हटलं, घरी जा. दोनदा म्हटलं. माझ्या लक्षातच राहिलं नाही की माझं तोंड अंधारात आहे. जन्म मागखात्यात गेला माझा, तरी विसरलो; माझा एक कान अजून शाबूत आहे ना. तो डोळे बारीक करून बघत बसला, आणि मी पळालो.

अमोस : वरच्या खिडकीत एडा होती, हे मला दुसऱ्या दिवशी पोलीस आले तेव्हा कळलं. ती म्हणाली, दुसरा आवाज नव्हता. मला माहीत होतं तिला का आला नाही ते. मी एक शब्द बोलायला हवा होता. रोज उठून ठरवायचो, आज जाऊन सांगतो. मग ती चहा ओतून द्यायची, आणि मी तो प्यायचो.

अमोस : तू वकिलाला सांगशील. सांग. मी नाही म्हणेन. फासावर जाणाऱ्याची बहीण, तिला आता कोण खरं मानणार? तिला मात्र यातलं काही सांगू नकोस. नोराचं झालं त्यातूनच ती अजून वर आलेली नाही. बुधवार गेला की सगळं निवेल. मला माफ कर म्हणत नाही. तेवढी लाज आहे.

एडा : अमोस, नळ बंद कर.

अमोस : हं, केला. पाणी बर्फासारखं आहे आज. या पोरीला म्हणत होतो, थोडी भाकर खा, अशी उपाशी हिंडू नकोस.

एडा : भाकरीचं नाव नव्हतं त्यात.

अमोस : विनी, खूण केलीस तू तिला.

एडा : विनी दगडासारखी बसलीय. चहात आठवा चमचा घालतेय साखरेचा. तो आरसा, अमोस.

अमोस : कुठला आरसा?

एडा : तुझ्या नाकासमोरचा. लग्न झालं त्याच आठवड्यात मी तो तिरका बसवून घेतला. तू सकाळी तोंड धुताना बडबडायचास आणि मला पाठच दिसायची. वाटायचं, नवरा काहीतरी चांगलं बोलत असेल आणि ते आपल्याला कळत नाही.

अमोस : मला वाटलं, दाढीसाठी आहे.

एडा : दाढीसाठी आरसा सरळ लागतो. एवढी वर्षं मान वाकडी करून दाढी केलीस, एकदा विचारलं नाहीस, का गं असा.

अमोस : सगळं दिसलं?

एडा : मध्ये तुझ्या श्वासाची वाफ आली होती थोडी. दुसरा फटका दिसला.

विनी : मावशी, चला ना. चला आता, लगेच.

एडा : मी येऊन उपयोग नाही, पोरी. म्हणजे येते, माझं ते मी सांगते. ऐकू येत नाही हे सांगते. पण त्याने बुधवार पुढे जाईल, मोकळा नाही व्हायचा तुझा भाऊ. आणि याचं मी सांगून चालत नाही. नवऱ्याविरुद्ध बायकोची साक्ष घेत नाहीत कोर्टात. ते त्या सरकारी वकिलानेच मला पहिल्या दिवशी हसत हसत सांगितलं होतं.

अमोस : मग झालं तर. तू बोलू शकत नाहीस, ती बोलली तरी कोणी ऐकत नाही.

एडा : म्हणून तू बोलायचंस.

अमोस : एडा, ते मला लटकवतील.

एडा : हो.

अमोस : ज्याने आपल्या पोरीला नासवलं त्याच्यासाठी.

एडा : त्याच्यासाठी नाही. पहिल्या फटक्याचं मी तुला काही म्हटलं नसतं. देवापुढे जाऊनही म्हटलं नसतं. पण हॅलिवेलसाठी कोण जाणार ते आता ठरायचंय, आणि वॉल्टरने काही केलेलं नाही. तो नुसता उजेडात उभा होता.

अमोस : आणि नाही गेलो तर? तू काय करशील?

एडा : काही नाही. तुझा चहा ओतीन, कपडे धुवीन, तुझ्या शेजारी निजेन. पण तुझ्याकडे बघणार नाही. तू बोलत राहा. चर्चमध्ये बोल, जेवताना बोल, मरताना बोल. मी आरसा सरळ करून ठेवीन.

विनी : काका.

अमोस : तू गप गं. मला जरा... एडा, माझ्याकडे बघ.

एडा : बघतेय. आता बघतेय.

अमोस : नोराला कोण सांगेल?

एडा : मी. तिच्यासमोर बसून.

अमोस : वकिलाचं घर लांब आहे का, विनी?

विनी : चढावरच्या चर्चच्या मागे. चालत जाऊ.

अमोस : टोपी कुठे ठेवली मी?

एडा : तुझ्या हातातच आहे.

अमोस : हं. कबुतरांना दाणे टाकायचे राहिलेत.

एडा : परत आले की टाकीन मी. निळी आली नाही तरी टाकीन.